कासरा, सुकाणू आणि टेबलावरचं चाक

मराठीत 'सुकाणू' हा शब्द आता जवळजवळ समित्यांपुरताच उरला आहे. संमेलनाची सुकाणू समिती, आंदोलनाची सुकाणू समिती. मोटारीच्या चाकाला सुकाणू म्हणणारा ड्रायव्हर मला अजून भेटायचाय. आपल्या कदंबचा ड्रायव्हर असो की निपाणीहून तंबाखू भरून निघालेला ट्रकवाला, सगळे 'स्टेरिंग'च म्हणतात. सुकाणू होडीचं, तारवाचं. मोटारीशी त्याचा काय संबंध, असं कुणालाही वाटेल.

पण इतिहास बघितला तर संबंध अगदी थेट निघतो. सुरुवातीच्या कितीतरी मोटारींना चाक नव्हतंच. होडीच्या सुकाणूला असतो तसा एक दांडा असायचा. तो डावीकडे-उजवीकडे ढकलायचा आणि गाडी वळवायची. बैलगाडीच्या वेगाने चालायचं तोवर हे ठीक होतं. वेग वाढला आणि चाकाखाली धोंडा आला की दांडा हातातून हिसकला जाई आणि गाडी खड्ड्यात. २२ जुलै १८९४ रोजी पॅरिस ते रुआँ अशी मोटारींची स्पर्धा झाली. तिच्यात आल्फ्रेड व्हाशराँ नावाच्या फ्रेंच गृहस्थाने आपल्या पानार गाडीला दांड्याऐवजी गोल चाक बसवलं होतं. मोटारीला चाक लावल्याची ही पहिली नोंद मानतात. म्हणजे स्टेअरिंग जन्माला आलं तेच स्पर्धेच्या रस्त्यावर. घरगुती सोय म्हणून नव्हे.

हे सगळं आठवायला कारण घडलं ते बेळगावात. तिथं टिळकवाडीत माझी बहीण दिलेली आहे. (गोव्यातल्या निम्म्या घरांची एक तरी सोयरीक बेळगावात असते आणि उरलेल्या निम्म्यांचा दवाखाना.) गेल्या दिवाळीत गेलो तर भाच्याच्या खोलीत पलंग भिंतीला सरकवलेला आणि मध्यभागी एक विचित्र वस्तू. लोखंडी चौकोनी पाईपांचा सांगाडा, त्यावर मारुती ८०० ची जुनी सीट, समोर मोटारीचं चाक, पायाशी तीन पेडल, उजव्या हाताला गेअरचा दांडा आणि पुढ्यात मॉनिटर. पोरगा त्यात बसून घामाघूम झालेला. इंजिनाचा आवाज कानातल्या हेडफोनमध्ये, त्यामुळे खोलीत नुसता पेडलचा खटखटाट. बहीण म्हणाली, "बघ, तुझ्या भाच्याने घरात गॅरेज काढलंय."

असे सांगाडे आता बेळगाव, कोल्हापूर, पुणे, म्हापसा, कुठंही दिसतील. आपल्या पिढीचे लोक बघतात आणि 'व्हिडिओ गेम' म्हणून सोडून देतात. मीही एरवी सोडून दिलं असतं. पण मी त्या चाकाला हात लावला आणि ते चाक माझा हात ओढायला लागलं. खेळण्यातलं चाक आपण फिरवतो. हे चाक उलट आपल्याला काहीतरी सांगत होतं. ते काय सांगतं, कसं सांगतं आणि हे सांगणं त्याच्यात कुठून आलं, याचा शोध घेताना मी बराच मागे गेलो. चाकाच्याही मागे, कासऱ्यापर्यंत.

निपाणी, चिकोडी, रायबाग, अथणी हा सगळा पट्टा शर्यतींचा. जत्रा असो, उरूस असो, त्या निमित्ताने गाड्या पळणार. बैलगाड्या, घोडागाड्या आणि कुठं कुठं एकाच जुवाला एका बाजूला घोडा नि एका बाजूला बैल. सीमेच्या अलीकडे-पलीकडे म्हणजे कागल, शिरोळ, मिरजेकडेही हाच शौक. १९५६ साली बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, पण शर्यतीच्या मैदानांनी ही रेघ कधी मानल्याचं दिसत नाही. बैल तोच खिलार, बोली तीच, आणि पैज लावणारेही तेच.

बहिणीचे सासरे, त्यांना आम्ही सगळेच आबा म्हणतो, मूळचे निपाणीजवळच्या एका खेड्यातले. तरुणपणी त्यांनी गाडी पळवलेली. ऐंशी ओलांडली तरी मनगट अजून तसंच आहे. शर्यतीचा विषय काढला की ते बैलांविषयी कमी आणि कासऱ्याविषयी जास्त बोलतात. त्यांचं एक वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय. "कासरा वडायचा न्हाई, धरायचा. बैलाच्या मनात काय हाय ते आधी करंगळीला कळतंय."

हे नीट समजून घेण्यासारखं आहे. कासरा म्हणजे वेसणीपासून गाडीवानाच्या हातापर्यंत येणारा दोर. आपल्याला वाटतं की हा हुकूम देण्याचा दोर आहे. तसा तो आहेच, पण त्याच दोरावरून उलट दिशेनेही निरोप येत असतो. बैल बुजला, एक बैल मागे पडायला लागला, पायाखालची जमीन मऊ लागली, हे डोळ्यांना दिसण्याआधी हाताला कळतं. सुकाणूचंही तसंच. मांडवीत वा झुआरीत होडी हाकणाऱ्या माणसाला पाण्याची ओढ दांड्यातून कळते. आणि जुन्या मोटारीचंही तसंच. पॉवर स्टेअरिंग नसलेली मारुती किंवा अॅम्बॅसडर ज्यांनी चालवलीय त्यांना आठवेल, वळण संपलं की चाक आपसूक सरळ व्हायला बघायचं, खडी लागली की तळव्यांना मुंग्या यायच्या आणि चिखलात पुढची चाकं घसरायला लागली की स्टेअरिंग एकदम हलकं व्हायचं. जाणते ड्रायव्हर त्या हलकेपणाला भीत असत.

शर्यतीच्या गाड्यांवर पुढे काय आलं ते आपल्याला ठाऊक आहे. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टूबरोबर बैलगाडा शर्यतींनाही बंदी घातली. २०१७ साली कर्नाटकाने कंबळ आणि बैलगाडी शर्यतींसाठी कायद्यात दुरुस्ती केली, महाराष्ट्रानेही केली, पण महाराष्ट्रातल्या शर्यती कोर्टात अडकून पडल्या. त्यांना अंतरिम परवानगी मिळाली १६ डिसेंबर २०२१ ला आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने राज्यांचे कायदे वैध ठरवले. आपल्या धिरयोंना मात्र उच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर असं दार उघडलेलं नाही, आणि ते उघडू नये असंच माझं मत. बैलांची शेपटी पिरगळणं, टोचणीचे खिळे, दारू पाजणं, हे काही कुणी रचलेलं नव्हतं. आबासुद्धा ते कबूल करतात. तरी त्या बंदीच्या काळात एक गोष्ट झाली, जिची नोंद कोर्टाच्या कागदात असण्याचं कारण नाही. कासरा धरायला नव्यानं शिकणारी एक अख्खी फळी आलीच नाही. दोरावरून निरोप वाचण्याची ही विद्या पुस्तकात लिहिलेली नसते, त्यामुळे सात-आठ वर्षांचा खंड तिला पुष्कळ होतो.

आता बसल्या जागी गाडी हाकायचा इतिहास. त्याची सुरुवात मोटारीपासून होत नाही, विमानापासून होते. आणि विमानाच्याही आधी एक वाद्य आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन गावी लिंक घराण्याचा पियानो आणि ऑर्गन बनवायचा कारखाना होता. त्या घरच्या एडविन लिंकला विमान शिकायचं होतं, पण शिकवणी महाग. त्याने १९२९ मध्ये कारखान्यातले ऑर्गनचे भाते आणि हवेचे पंप घेऊन एक बुटकं लाकडी विमान बनवलं, जे जमिनीवरच डावी-उजवीकडे कलायचं, नाक वर-खाली करायचं. संगीत नाटकातल्या पायपेटीचे भाते ज्यांनी बघितलेत त्यांना हे यंत्र चटकन समजेल. पेटीत भात्याने सूर निघतो, इथं भात्याने विमान डोलतं. सुरुवातीला हे यंत्र घेतलं कुणी? करमणुकीच्या बागांनी. जत्रेतल्या पाळण्यासारखं, नाणं टाका आणि बसा. १९३४ साली अमेरिकन लष्कराकडे विमानाने टपाल न्यायचं काम आलं, खराब हवेत वैमानिक मरायला लागले, तेव्हा लष्कराला ह्या खेळण्याची आठवण झाली आणि त्यांनी सहा यंत्रं घेतली. दुसऱ्या महायुद्धात मग अशी दहा हजारांहून अधिक बनली.

बेळगावकरांना ह्यात परकं वाटायचं कारण नाही. त्यांचा सांबऱ्याचा विमानतळ १९४२ मध्ये ब्रिटिश हवाई दलासाठी झाला आणि स्वातंत्र्यानंतर तिथंच भारतीय हवाई दलाच्या जवानांचं प्रशिक्षण केंद्र उभं राहिलं. खऱ्यावर बसण्याआधी खोट्यावर शिकायचं, ही गोष्ट त्या गावाच्या वेशीवर पाऊणशे वर्षं चाललेली आहे.

मोटारीचं खोटं चाक यायला तसा उशीर झाला नाही. १९४१ च्या सुमारास अमेरिकेत 'ड्राइव्ह मोबाइल' नावाचं नाण्याचं यंत्र आलं. समोर फिरणाऱ्या रुळावर रस्ता रंगवलेला आणि आपण चाक फिरवून छोटी गाडी त्या रस्त्यावर ठेवायची. पडद्यावरची पहिली गाडी मात्र १९७४ ची, अटारी कंपनीची 'ग्रॅन ट्रॅक १०'. तिला चाक होतं, पेडल होते, गेअरही होता. (ती विकताना हिशोबच चुकला आणि बनवायच्या खर्चाहून कमी किंमत लावली गेली, असं सांगतात. कुठल्याही देशातल्या उद्योजकाला धीर देणारी गोष्ट!)

मला त्या काळातला सगळ्यात आवडलेला खेळ १९७६ चा, 'नाइट ड्रायव्हर'. त्याच्याआधी थोडं जर्मनीत राइनर फोर्स्ट नावाच्या इंजिनियरने 'न्यूर्बुर्गरिंग' नावाचं असंच यंत्र बनवलं होतं, त्यावरून हे सुचलेलं. तेव्हाच्या यंत्रांची ताकद ती काय असणार? रस्ता, झाडं, डोंगर दाखवणं शक्यच नव्हतं. म्हणून त्यांनी रात्र दाखवली. काळा पडदा आणि दोन बाजूंनी अंगावर धावत येणारे पांढरे खांब, बस्स. आपली गाडी तर पडद्यावर काढलेलीही नव्हती, छापील चित्र खाली लावून दिलं होतं. पण पावसाळ्यात रात्री अकराला चोर्ला घाटातून जो उतरला आहे त्याला विचारा, त्याला याहून जास्त काय दिसतं? पांढरे दगड नि पांढरे खांब. बाकीचा घाट तो स्मरणातून चालवतो.

चाकाने हाताला ओढणं हे मात्र नंतरचं. १९८६ च्या सेगाच्या 'आउट रन'मध्ये चाक थरथरायचं, मोठ्या यंत्राची सीटही डोलायची. पण थरथरणं वेगळं आणि सांगणं वेगळं. फोन थरथरतो, पण कुणाचा आहे ते बघावंच लागतं. खरं सांगणारं चाक सर्वांसमोर आलं ते १९८९ मध्ये, अटारीच्या 'हार्ड ड्रायव्हिन'मध्ये. त्याला किल्ली होती, क्लच होता, आणि गाडीचं गणित बसवायला वाहनशास्त्राचे जाणकार डग मिलिकन यांची मदत घेतली होती. टायरवर किती जोर येतोय ते गणिताने काढायचं आणि तेवढ्याच जोराने चाकामागची मोटर फिरवायची, असा हा प्रकार. कासऱ्याच्या पलीकडच्या टोकाला बैल नाही, तर बैलाचा हिशोब करणारा कारकून बसवला म्हणा ना!

ही यंत्रं आपल्याकडे फारशी आली नाहीत. आपल्याकडे नव्वदच्या दशकात आली ती गल्लीबोळातली व्हिडिओ गेमची दुकानं, आणि पाठोपाठ सायबर कॅफे. मडगाव घ्या नाहीतर बेळगाव, तासाचे पैसे भरून पोरं 'रोड रॅश' नाहीतर 'नीड फॉर स्पीड' खेळत बसायची. दोन्ही खेळ बाणाच्या बटणांवर. डावं बटण दाबलं की डावीकडे, सोडलं की सरळ. त्यात हाताला परत काहीच मिळत नसे. बाहेरगावी नव्वदच्या दशकाच्या मध्यास थ्रस्टमास्टरसारख्या कंपन्यांची घरगुती चाकं निघाली, पण त्यांच्यात रबर किंवा स्प्रिंग. रस्ता डांबरी असो की बर्फाचा, चाक तेवढ्याच जोराने मध्यावर यायचं. १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टने मोटर बसवलेलं चाक घरासाठी आणलं आणि २००६ मध्ये लॉजिटेकचं 'जी-२५' आलं. दोन मोटरी, ९०० अंश म्हणजे खऱ्या गाडीसारखे अडीच वेढे, क्लच आणि सहा गेअर. भाच्याकडचं चाक ह्याच घराण्यातलं, 'जी-२९', २०१५ सालचं मॉडेल. जुनं वापरलेलं, पुण्यातल्या कुणाकडून घेतलेलं.

तर ते मांडायचं कसं? इथं मला भाच्याने बसवून तासभर शिकवलं आणि मी मुकाट्याने शिकलो.

पहिली गोष्ट, हललं तर संपलं. चाकातली मोटर हाताला ओढते तेव्हा ती टेबलालाही ओढत असते. साध्या कॉम्प्युटर टेबलाला क्लॅम्पने आवळलं तर दोन दिवसांत टेबल कुरकुरायला लागतं, आणि हातापर्यंत पोचायच्या खबरीतली अर्धी टेबलच खाऊन टाकतं. पेडल गुळगुळीत फरशीवर ठेवले तर ब्रेक दाबला की ते पुढे पळतात आणि आपण खुर्चीसकट मागे. म्हणून सांगाडा. बेळगावात ह्याची चिंता नाही. उद्यमबाग आणि मच्छेच्या औद्योगिक वसाहतींत फौंड्री, मशिन शॉप, वेल्डिंगवाले खच्चून भरलेले. देशभरच्या इंजिनांचे ओतीव भाग तिथून जातात आणि हायड्रॉलिक पंप-व्हॉल्व्हसाठी तर ते गाव नावाजलेलं. भाच्याने कागदावर मापं काढून दिली. वेल्डिंगवाल्याने विचारलं, कशाला पाहिजे? सांगितल्यावर तो हसला आणि दोन आडव्या पट्ट्या जास्तीच्या मारून दिल्या, पैसे न घेता. म्हणाला, ब्रेक दाबताना वाकेल बघ नाहीतर.

दुसरी गोष्ट, डोळा. सगळ्यांना वाटतं पडदा जितका मोठा आणि जितका लांब, तितकी मजा. उलट आहे. २७ इंची मॉनिटर साधारण ६० सेंटीमीटर रुंद असतो. तो दीड मीटरवर ठेवला तर तो आपल्या नजरेचा जेमतेम २३ अंशांचा तुकडा व्यापतो. तोच ६० सेंटीमीटरवर आणला तर ५३ अंश. म्हणून मॉनिटर चाकाच्या अगदी मागे, मधली रेषा डोळ्यांच्या उंचीला, आणि खेळातल्या कॅमेऱ्याला तोच अंश सांगायचा. मग पडदा खिडकी होतो. पडद्यावरचं वळण खऱ्या वळणाएवढंच लांब दिसतं आणि ब्रेक कुठं मारायचा ते चुकत नाही. हा अंश मनाला येईल तसा वाढवून ठेवला की जग लांब नि वेगवान दिसतं. तेवढ्यानेच पोरं सुरुवातीला भुलतात आणि प्रत्येक वळणावर बाहेर जातात.

तिसरी गोष्ट, ब्रेक. गाडीचा ब्रेक आपण पाय किती खाली गेला यावर नाही, तर किती जोर दिला यावर मारतो. स्वस्तातल्या पेडलमध्ये खोलीच मोजतात, रेडिओच्या आवाजाच्या बटणासारख्या एका फिरत्या भागाने. चांगल्या पेडलमध्ये 'लोड सेल' असतो, तो जोर मोजतो. भाजीवाल्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यात असतो तोच हा लोड सेल. साखर कारखान्याच्या उसाच्या काट्याखालीही तोच, फक्त हत्तीएवढा. निपाणीकडच्या शेतकऱ्यासमोर मात्र काट्याचा विषय काढायचा तर वेळ हाताशी ठेवून काढावा. असो.

आणि चौथी, खरी गोष्ट. चाकाची ओढ किती ठेवायची? नवशिके ती पूर्ण वाढवतात, हात भरून येईपर्यंत. भाच्यानेही आधी तसंच केलेलं. पण त्या मोटरीला मर्यादा आहे. ह्या चाकाची ताकद असते दोन न्यूटन-मीटरच्या आसपास (हल्ली निघालेल्या, चाक थेट मोटरीवर बसवलेल्या महागड्या यंत्रांची ५ ते ८ आणि त्याहूनही वर). ओढ वाढवून ठेवली की मोठ्या वळणावर मोटर आधीच पूर्ण ताकदीला पोचलेली असते. त्यानंतर टायरने कितीही आरडाओरडा केला तरी हाताला तेवढंच कळतं. ओरडणाऱ्या माणसाला आणखी जोरात ओरडता येत नाही, तसं. ओढ कमी केली की बारीक खबर यायला लागते. त्यातली सगळ्यात मोलाची खबर ही, की पुढचे टायर पकड सोडायच्या क्षणभर आधी चाक हलकं होतं. टायरचं गणितच तसं आहे. वळताना टायर स्वतःला सरळ करायला बघतो, तीच चाकाची ओढ. घसरण जवळ आली की ही सरळ व्हायची धडपड आधी मरते आणि पकड नंतर सुटते. त्या दोन क्षणांच्या मधल्या फटीत जो हात सावरतो तो ड्रायव्हर.

हे भाच्याला इंटरनेटवरचे व्हिडिओ बघून समजायला दोन महिने लागले. त्याच संध्याकाळी आम्ही आबांना त्या सीटवर बसवलं. आढेवेढे घेत बसले. कॉम्प्युटरवरच्या त्या कुठल्याशा युरोपातल्या ट्रॅकवर बैलगाडीच्या चालीने निघाले, मग थोडे वेगात. एका लांब वळणावर त्यांचे हात थबकले. पाय त्यांनी लगेच उचलला. पडद्यावर टायर घसरल्याचा आवाज त्यानंतर आला.

"काय झालं आबा?" भाच्याने विचारलं.

"कासरा सैल पडला की रं. सैल पडला म्हंजे बैल आता आपला न्हाई."

भाचा माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने हळूच विचारलं, "आबा, परत एकदा बसता?"

आता कुणी म्हणेल, एवढं करण्यापेक्षा पोराला खऱ्या शर्यतीत घाला. घालायला जागा आहे, दूरही नाही. बेळगावहून तवंदी घाट उतरून, निपाणी ओलांडून कोल्हापूर गाठलं की मोहित्यांचा गो-कार्टिंगचा ट्रॅक आहे, राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या तिथं झालेल्या आहेत. कोल्हापूरचे कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत पोचले. पण मोटर शर्यत हा पैशाचा खेळ आहे आणि त्याबद्दल गोड बोलण्यात अर्थ नाही. नारायण कार्तिकेयन २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये गेला, २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं दिल्लीजवळच्या बुद्ध सर्किटवर भारतीय ग्रां प्री झाली, तेव्हा वाटलं होतं की आता वाटा खुल्या होतील. झाल्या नाहीत. टायर, इंधन, मेकॅनिक, प्रवास, सगळ्याचं बिल बापाच्या नावावर येतं. बैलजोडी पाळणं हाही एकेकाळी पाटलाचाच शौक होता म्हणा. पण गावातल्या गरिबाच्या पोरालाही पाटलाच्या गाडीचा कासरा धरायला मिळायचा, हात चांगला असला तर. मोटर शर्यतीत तसा पाटील क्वचित भेटतो.

एकदा मात्र एका कंपनीने ते पाटीलपण केलं. 'ग्रॅन टुरिस्मो' हा १९९७ चा जपानी खेळ. निसान आणि सोनीने २००८ पासून त्या खेळावर चुरस लावून जिंकणाऱ्याला खऱ्या शर्यतीच्या गाडीत बसवायची योजना काढली. पहिल्या वर्षीचा स्पॅनिश विजेता लुकास ऑर्दोन्येझ आणि २०११ चा ब्रिटिश विजेता यान मार्डनबरो दोघेही पुढे ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत धावले. २०१४ मध्ये भारतातल्या पोरांनाही त्यात दार उघडलं. ती योजना नंतर बंद पडली. २०२० च्या टाळेबंदीत उलटा प्रवास झाला, खऱ्या ट्रॅकवरचे लेक्लेर आणि नॉरिस घरातल्या चाकावर येऊन बसले आणि जगाने त्यांच्या पडद्यावरच्या शर्यती बघितल्या. तेव्हापासून घरच्या चाकाला कुणी खेळणं म्हणालं की पोरं हे उदाहरण तोंडावर मारतात.

भाचा रात्री दहानंतर शर्यत लावतो. त्याच्याबरोबर एक निपाणीचा, एक इचलकरंजीचा, एक फोंड्याचा आणि दोघं कुठले ते त्यालाही माहीत नाही. हेडफोनवर बेळगावी मराठी, मधूनच कानडी, शिव्या हिंदीत. मैदान जपानमधलं नाहीतर बेल्जियममधलं. वीज गेली तर इन्व्हर्टर आहे, पण वायफाय गेलं की गाडी ट्रॅकवर जागच्या जागी गोठते आणि मागचा येऊन आदळतो. निपाणीच्या पोराची गाडी नेहमी चार पावलं उशिरा दिसते, त्याचं नेट तसं आहे, म्हणून त्याला ओव्हरटेक करताना जास्त जागा सोडायची हा त्यांच्यातला अलिखित नियम.

ह्या सांगाड्याला एक उणीव राहतेच, आणि ती चाकात नाही. खऱ्या गाडीत वळणावर पाठ एका बाजूला फेकली जाते, मागचं चाक सुटलं की बसल्या जागी आधी कळतं. इथं सीट ढिम्म. हाताला सगळं कळतं, बुडाला काहीच नाही. मोठ्या यंत्रांत ह्यासाठी सहा पायांचा हलता पाट असतो, आणि ते पाय फार काळ हायड्रॉलिक सिलिंडरचेच असत, आता विजेवरचेही निघालेत. बेळगावात राहून हायड्रॉलिकचा विचार डोक्यात येणार नाही असं कसं होईल? भाचा आणि त्याचा इंजिनियरिंगचा मित्र दोघं मच्छेला जाऊन सिलिंडर, पंप, व्हॉल्व्ह यांची चौकशी करूनही आले. तेलाची टाकी, पंपाचा आवाज आणि वरच्या मजल्यावरच्या स्लॅबचं वजन, याचा हिशोब त्यांनी जेवताना ताटाशेजारी मांडला. बहिणीने आमटी वाढता वाढता सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, तेलाचा एक थेंब जरी माझ्या फरशीवर पडला तर सीट, चाक, पाईप, सगळं भंगारात. दोघं आता विजेवर चालणाऱ्या सिलिंडरांच्या किमती बघतायत.